माहेरवाशिणींनी कापलेल्या तीन बांध्या

गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी सकाळची पॅसेंजर वेळेवर सुटली. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. गोंदियाजवळच्या फुलचूरला माझ्या शेजारी राहणाऱ्या गृहस्थांचे मामा देवाजी हे अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या हिरडीटोला या गावचे. 'मामांनी मंडईला बोलावलंय, मला सुट्टी नाही, तुम्ही जाऊन या,' एवढ्या ओळखीवर मी निघालो होतो. मंडई म्हणजे दिवाळीनंतर या भागात गावोगावी भरणारा एका दिवसाचा मेळा. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला असतो आणि शेजारची दोन गावे सहसा एकच दिवस धरत नाहीत.

डब्यात समोरच्या बाकावर फुगे आणि प्लास्टिकच्या बासऱ्यांचे गाठोडे घेतलेला एक विक्रेता बसला होता.

"मंडई जा रहे हो?" त्याने विचारले.

"हो. हिरडीटोला."

"वहाँ तो परसों है." त्याने बोटांवर मोजून पुढच्या नऊ दिवसांच्या नऊ गावांची नावे सांगितली. कागद त्याच्याकडे नव्हता. "हिरडीटोलावाले भाव बहुत करते हैं. एक बासरी के लिए आधा घंटा. पर बिना खिलाए छोड़ते नहीं."

सौंदड गेल्यावर दोन्ही बाजूंनी धानाची शेते सुरू झाली. या दिवसांत शेतांचे दोन रंग असतात. हलका धान, म्हणजे लवकर येणारे वाण, पिवळा होऊन कापणीची वाट पाहत असतो. भारी धान, म्हणजे उशिरा येणारे वाण, अजून हिरवा असतो आणि त्याला शेवटचे एक पाणी लागते. शेताच्या प्रत्येक तुकड्याला इथे बांधी म्हणतात आणि तिच्या भोवतीच्या मातीच्या बांधाला धुरा.

अर्जुनीला उतरलो. मंडईला एक दिवस शिल्लक होता, म्हणून ऑटो ठरवून आधी गोठणगावच्या बाजूला गेलो. तिथे तिबेटी लोकांची जुनी वसाहत आहे. रंगीत पताका, प्रार्थनामंदिर, नीट आखलेल्या गल्ल्या, आणि माणूस जवळपास नाहीच. एका ओसरीवर एक वृद्ध बाई माळ ओढत बसल्या होत्या.

"सब स्वेटर बेचने गये," त्यांनी न विचारताच सांगितले. "नागपूर, अमरावती, सोलापूर. जाड़ा खतम, तब आयेंगे."

"तुम्हाला इथे थंडी वाजते का?"

त्या हसल्या. "इधर थंडी किधर है? इधर पंखा लगता." मग शुद्ध मराठीत म्हणाल्या, "चहा घ्या." चहा खारट होता आणि त्यावर लोण्याचा तवंग होता. ऑटोचालकाने एक घोट घेऊन कप माझ्याकडे सरकवला. मी दोन्ही कप संपवले. दुसरा पहिल्यापेक्षा बरा लागला.

तिथून प्रतापगड. डोंगर फार उंच नाही, पण दुपारच्या उन्हात पुरेसा आहे. महादेवाचे देऊळ आणि दर्गा एकाच डोंगरावर आहेत आणि भाविकही बरेचसे तेच. नारळ विकणारी बाई दोन्हीकडचे नारळ एकाच टोपलीतून देत होती. वरून खालचा मुलूख दिसतो: जंगल, धान, आणि मध्ये मध्ये तलाव. मी सात मोजले. ऑटोचालकाने नऊ मोजले आणि दोन मी का चुकवले ते बोट दाखवून सिद्ध केले.

हिरडीटोल्यात पोचलो तेव्हा चार वाजले होते. गाव तलावाच्या पाळीखाली (पाणी अडवणाऱ्या मातीच्या भिंतीखाली) आहे. हे तलाव इथल्या कोहळी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधले आणि राखले. देवाजी त्यांच्यापैकीच. वय सत्तरच्या आसपास, अंगाने किरकोळ, आवाज मोठा. ते गावचे पाणकर आहेत. कोणाच्या बांधीत कधी पाणी जाणार हे पाणकर ठरवतो आणि तलावाचे तुडूम (पाणी सोडायचे दार) त्याच्याशिवाय कोणी उघडत नाही.

"मी पानी सांगून सोडतो आन सांगून बंद करतो," त्यांनी तुडुमावर उभे राहून सांगितले. "मंडईच्या दिवशी सकारी तुडूम बंद. मंग वर्षभर हात लावाचा नाई. राह्यला पानी ढोराचा, मासोळीचा, शिंगाड्याचा."

घरी परतलो तर ओसरीवर एक बाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या, पदर खोचलेला, पायांना चिखल. देवाजींनी ओळख करून दिली: शेवंताबाई, शेवटच्या चार बांध्यांच्या मालकीण. पाटाच्या टोकाला त्यांची जमीन आहे आणि तिथे त्या चिन्नोर लावतात. चिन्नोर हा सुवासिक तांदूळ. भारी धानातला, उशिरा येणारा. गावात पूर्वी बरेच जण लावायचे. सगळ्यांनी सोडला. आता बियाणे फक्त यांच्याकडे आहे.

"देवाजीभाऊ, उद्याचा दिवस हाये," त्या म्हणाल्या. "माहा धान दूध धरून राहिला. जमीन फाटली. आता पानी नाई भेटला त सारा पोल होईन, दाना नाई भरणार. खायाचा जाऊ द्या, बी नाई भेटणार."

"मी कोठी नाई म्हनलो? तुह्या भाऊजीले विचार."

अडचण त्या भाऊजींची होती. पाट नीळकंठ या शेतकऱ्याच्या पहिल्या बांधीपाशी संपतो. पुढे पाणी बांधीतून बांधीत उतरत शेवंताबाईंकडे जाते. नीळकंठ हे त्यांचे चुलत दीर. त्यांच्या तिन्ही बांध्यांत हलका धान पिकून उभा होता. त्यात पाणी सोडले तर धान आडवा होणार, कापणी चिखलात करावी लागणार. गावचा नियम असा की दुसऱ्याच्या उभ्या पिकल्या धानातून पाणी न्यायचे तर मालकाचा होकार लागतो. बांधी कापून मोकळी असेल तर मात्र मालकाला नाही म्हणता येत नाही.

धुऱ्यावरून वेगळा पाट काढता येणार नाही का, असे मी विचारले. धुरा तेवढा रुंद नाही, देवाजी म्हणाले. इंजिन लावले तर? पाइप तिथवर पुरत नाही. माझ्या आधी या प्रश्नांवर गावाने बराच विचार केलेला दिसत होता.

तेवढ्यात नीळकंठ स्वतःच आले. आडव्या हाडाचे, मिशीवाले, हातात मंडईच्या मंडपाची दोरी.

"वयनी, तू भारी धान लावतच काऊन?" त्यांनी बसायच्या आधीच विचारले. "साऱ्या गावाने सोडला."

"साऱ्या गावाने सोडला म्हनूनच लावतो."

"मंडई झाली का कापतो मी. मंग ने पानी."

"मंडई झाली का तुडूम बंद. तुमाले मालूम नाई का?"

"मालूम हाये. पन उद्या कापाले मानूस कोठून आनू? सारे मंडप बांधून राहिले, दंडारीची तालीम करून राहिले. पाव्हने येऊन राहिले. पाव्हन्याच्या हातात इरा देऊ?"

इरा म्हणजे विळा. पाहुण्याला कामाला लावणे ही इथे लाजेची गोष्ट आहे. शेवंताबाई उठल्या. जेवणात लाखोरीची डाळ, तांदळाची भाकरी आणि तलावातले झिंगे होते. "दोघेय खरे हायेत," देवाजी एवढेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी नीळकंठ यांच्या घरासमोरून जात होतो. अंगणात पाट मांडला होता आणि त्यांची धाकटी बहीण कुंदा त्यांना ओवाळत होती. ती देसाईगंज वडशाला दिलेली. भाऊबीजेला येणे जमले नव्हते, म्हणून मंडईला येऊन उरकत होती. हा रिवाज इथे चालतो. नीळकंठ यांनी मला हाक मारून बसवले आणि पुढ्यात आयते (तांदळाच्या पिठाची पातळ धिरडी) ठेवले.

ओवाळून झाल्यावर नीळकंठ यांनी साडीची पिशवी पुढे केली. कुंदाने ती घेतली नाही.

"साडी नको, दादा."

"काऊन? रंग नाई आवडला?"

"रंग बेस हाये. मले दुसरी ओवाळणी पाह्यजे. तुह्या तीन बांध्या कापू दे."

नीळकंठ यांचा हात तसाच राहिला. "कोन शिकोला तुले?"

"कोन कायले शिकोन? वयनी काल सांजी घरी आली होती. मी लहान होतो तवा तिच्याच चिन्नोराचा भात खाल्ला ना. तूय खाल्ला."

"तू पाव्हनी हायेस वो बाई! लोक काय म्हनतीन? जावयाने ऐकला त?"

"जावई झोपून राहिले. अना मी पाव्हनी नाई, लेक हावो या गावची. इरा कोठी ठेवला तेवढा सांग."

नीळकंठ यांनी माझ्याकडे पाहिले. मी आयत्याकडे पाहिले. शेवटी ते उठले आणि छपरात खोचलेला विळा काढून बहिणीच्या हातात दिला. "आंगठा सांभार," म्हणाले.

कुंदा एकटी नव्हती. शेवंताबाई आदल्या संध्याकाळी घरोघरी फिरल्या होत्या, पण गावच्या सुनांकडे त्या गेल्या नव्हत्या. सुना मंडईच्या स्वयंपाकात होत्या. त्या फक्त माहेरी आलेल्या लेकींकडे गेल्या. हिशेब साधा होता. माहेरवाशीण ही पाहुणी, म्हणून तिला काम सांगता येत नाही. पण ती लेकही असते, म्हणून ती स्वतः निघाली तर अडवता येत नाही. साडेसातला नीळकंठ यांच्या धुऱ्यावर सतरा जणी उभ्या होत्या. काही जणी आदल्या दिवशीच उतरल्या होत्या. मेंदी ताजी होती. दोघींनी नव्या साड्यांवर भावांचे जुने शर्ट चढवले होते.

त्यांनी ओळ धरली आणि कापणी सुरू झाली. सर्वांत थोरली साठीची होती, सर्वांत धाकटीचे लग्न याच उन्हाळ्यात झालेले. ती मागे पडू लागली.

"काय वो, सासरी धान नाई का?" शेजारणीने विचारले.

"सोयाबीन हाये."

"मंग तुह्या बापाने पाहून काय देली तुले?"

ओळभर हशा उठला. धाकटी लाल झाली आणि त्यानंतर ती कोणाच्याही मागे पडली नाही. माझ्या घड्याळाप्रमाणे पहिली बांधी सव्वानऊला संपली, दुसरी साडेदहाला. पलीकडे मंडपापाशी दंडारीची तालीम चालू होती. दंडार म्हणजे ओळीत नाचत, गात सादर होणारा इथला खेळ. तो दिवसा होतो. ढोलकी ऐकू येत होती आणि विळे हळूहळू तिच्या ठेक्यावर चालू लागले. नीळकंठ तीनदा येऊन गेले. पहिल्यांदा पाण्याची घागर घेऊन, दुसऱ्यांदा मुरमुरे घेऊन, तिसऱ्यांदा काहीच न घेता.

ठरले असे होते की देवाजी बारा वाजता तुडूम उघडतील. पाटातून नीळकंठ यांच्या बांधीपर्यंत यायला पाण्याला पाऊण तास लागतो. तिसऱ्या बांधीतला शेवटचा धान पावणेबाराला पडला. सगळ्या जणी धुऱ्यावर बसल्या, मुरमुरे निघाले, कोणी कोणाच्या नव्या सुनेविषयी सांगू लागले. एक वाजायला दहा मिनिटे असताना पाटाच्या तोंडाशी बसलेली थोरली बाई ओरडली.

"पानी आला!"

आणि त्याच क्षणी सगळ्यांच्या लक्षात आले. कापलेला धान तिन्ही बांध्यांत जमिनीवर पसरलेला होता. इथे धान कापला की तो कडपा म्हणून, म्हणजे मुठी मुठी आडव्या टाकून, चार दिवस शेतातच वाळत ठेवतात. या सतरा जणींनी लहानपणापासून दुसरे काही केलेले नव्हते. हातांनी सवयीने कापले आणि सवयीने पसरले. उचलून धुऱ्यावर ठेवायचा आहे हे एकीच्याही डोक्यात आले नाही. नीळकंठ तीनदा येऊन गेले होते. त्यांच्याही नाही. माझ्याही नाही, पण माझ्याकडून कोणाची तशी अपेक्षा नव्हती.

"अगा, तुडूम बंद करा!" नीळकंठ पाटाच्या दिशेने धावले. मग थांबले. तुडूम अर्धा कोस दूर होते आणि पाटात असलेले पाणी परत जाणार नव्हते.

"बंद नोका करू!" शेवंताबाई ओरडल्या. "उचला! उचला वो पोरीहो!"

मग जे झाले त्याचे क्रमवार वर्णन करणे कठीण आहे. सतरा जणी बांधीत उतरल्या. कवेत मावेल तेवढा धान उचलून धुऱ्यावर टाकू लागल्या. कुंदा मंडपाच्या दिशेने हाका मारत सुटली. ढोलकी थांबली. दंडारीची मंडळी जशी होती तशी धावत आली. त्यातल्या राजाच्या डोक्यावर मुकुट होता आणि राणीचे काम करणाऱ्या पुरुषाने लुगडे कमरेशी खोचले होते. त्यांच्या मागून गावचे जावई आले. पांढरे पायजमे, इस्त्रीचे शर्ट. त्यांना कोणी बोलावले नव्हते. बायका धावताहेत म्हटल्यावर ते बसून राहू शकले नसावेत.

"जावाई, तुमी नोका!" नीळकंठ हात जोडून ओरडत होते.

"सरका, दादा," कुंदाचा नवरा म्हणाला आणि धानाची कवळ त्यांच्याच हातात देऊन पुढच्या खेपेला गेला.

मीही तीन खेपा केल्या. चौथ्या खेपेला एक चप्पल चिखलात राहिली. ती नंतर राणीने शोधून दिली. पहिल्या बांधीतला थोडा धान भिजला, दुसरीतल्या शेवटच्या दोन ओळींना पाणी लागले, तिसरी कोरडी निघाली. अर्ध्या तासात सगळा धुरा पिवळा झाला होता, त्यावर माणसे बसली होती आणि कोणाला बोलता येईल इतका दम उरला नव्हता.

पहिला आवाज राजाचा. "नीळकंठदादा, आता आमी दंडार अठीच करतो. मंडप कायले बांधता?"

नीळकंठ प्रथम हसले. मग हसणे कोणाला आवरले नाही.

पाणी तिसऱ्या बांधीतून शेवंताबाईंच्या पहिल्या बांधीत उतरले तेव्हा साडेतीन वाजले होते. ते आधी भेगांमध्ये गेले. बराच वेळ नुसता चुळूक चुळूक आवाज येत राहिला आणि वर काही दिसेना. शेवंताबाई धुऱ्यावरून पाण्याच्या बरोबर चालत होत्या, पाण्याच्या वेगाने. देवाजी खांद्यावर फावडे घेऊन आले आणि त्यांच्या मागे चालू लागले. दुसरी बांधी, तिसरी. सूर्य मावळायच्या थोडा आधी पाणी चौथ्या बांधीच्या शेवटच्या कोपऱ्याला लागले. शेवंताबाई तिथे उकिडव्या बसल्या आणि पाणी स्थिरावेपर्यंत उठल्या नाहीत.

मंडईच्या दिवशी सकाळी देवाजींनी तुडूम बंद केले. नारळ फुटला, शिंगाड्याचे पहिले टोपले तुडुमापाशी ठेवले गेले. दहापासून आसपासच्या गावांची माणसे येऊ लागली. जिलेबीच्या कढया, उकडलेल्या शिंगाड्यांचे ढीग, बांगड्या, उसाच्या मोळ्या, पाळणा. बासरीवाला आला होता आणि एका म्हातारीशी भाव करत होता. दंडारीत राजाने ऐनवेळी एक प्रवेश वाढवला. त्यात राणी म्हणते, 'महाराज, मले ओवाळणीत राज्य नको, शेजाऱ्याचा धान कापू द्या.' नीळकंठ पहिल्या रांगेत होते. सगळा मंडप त्यांच्याकडे वळला. ते उठून उभे राहिले, चारही दिशांना नमस्कार केला आणि परत बसले.

दुपारी शेवंताबाईंनी मागच्या वर्षीच्या चिन्नोराची खीर केली होती. सतरा जणींना त्यांनी घरी बोलावले. मला चप्पलवाला पाहुणा म्हणून बोलावले. खिरीचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत येत होता. नीळकंठ दारातच उभे राहिले.

"वयनी, पुढच्या साली मले बी देशीन का? तीन बांध्यापुरता."

"कायले? साऱ्या गावाने सोडला ना?"

"माह्या बांध्याईतय भारी धान राह्यला त तुह्या पान्याचा भांडनच मिटला. दोघाय सोबत पानी घेऊ."

शेवंताबाईंनी खिरीची वाटी भरली आणि त्यांच्या हातात दिली. "देतो. पन इचारून ठेवा कुंदाले. पुढच्या भाऊबीजेले ते काय मांगन, काई नेम नाई."

आतून सतरा जणींचा हशा आला. नीळकंठ यांच्या मागे आणखी दोघे जण उभे होते. त्यांनाही बी हवे होते. शेवंताबाईंनी कोणालाही नाही म्हटले नाही. मात्र सगळ्यांना कापणीनंतर यायला सांगितले. धान घरात आल्यावरच शब्द, त्याआधी नाही.

चौथ्या दिवशी परतलो. वाटेत नवेगावबांधला थांबलो. तिथला तलाव मोठा आहे आणि त्या दिवसांत बाहेरगावचे पक्षी उतरू लागलेले असतात. मी काठावर तासभर बसलो. पक्ष्यांची नावे मला सांगता येत नाहीत. पाण्याकडे मात्र मी आता वेगळ्या नजरेने पाहत होतो. एवढे पाणी साठवणे हे मोठे काम आहे, ते दिसते, त्याच्या पाट्या लागतात. ते पुढे कोणाच्या बांधीतून कोणाच्या बांधीत उतरते आणि त्यासाठी कोण कोणाला काय मागते, हे तलावाच्या काठावरून दिसत नाही. वीस-बावीस वर्षे वार्ताहर म्हणून मी पाण्याच्या बातम्या दिल्या. पाणी कमी पडले, पाणी जास्त झाले, या दोनच. पाणी पुरले, अशी बातमी मी एकदाही दिलेली नाही.

गोंदिया स्टेशनवर उतरलो तेव्हा कार्यालयातून फोन आला. मंडईचे दोनशे शब्द हवे होते.

"गर्दी किती होती?" उपसंपादकाने विचारले.

"मोजली नाही."

"अंदाजे?"

"अंदाज नाही सांगता येणार. निघताना शेवंताबाई नावाच्या बाईंच्या चौथ्या बांधीत बोटं बुडवून पाहिली होती. तिथलं नक्की सांगतो. चार बोटं पाणी होतं."

मग त्याने विचारले, "चौथी म्हणजे शेवटची का?"

"शेवटची," मी म्हणालो.